शरियतसारखा कायदा हवा, म्हणजे नेमके काय हवे?

बदलापूरच्या शाळेतील चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले. मागणी एकच होती, आरोपीला ताबडतोब फाशी द्या. कोपर्डीनंतर २०१६ मध्येही हेच ऐकू आले होते, आणि तेव्हा राज ठाकरे यांनी शरियतसारखा कायदा आणा असे जाहीरपणे म्हटले होते. पुढे जुलै २०२५ मध्ये खुनाच्या गुन्ह्यात येमेनच्या तुरुंगात असलेल्या केरळच्या एका परिचारिकेच्या मृत्युदंडाची तारीख ठरली, १६ जुलै, आणि चर्चेचा सूर एकदम पालटला. तोच कायदा आता रानटी ठरला. मेलेल्या माणसाचे पैसे घेऊन मारेकऱ्याला सोडायचे, हा कसला न्याय, असे लोक विचारू लागले. आणि त्याच दमात ते पैसे लवकर गोळा व्हावेत म्हणून प्रार्थनाही करू लागले. संतापाच्या दिवशी शरियत हवीशी वाटते, आपले माणूस तिच्या कचाट्यात सापडले की ती नकोशी होते. दोन्ही दिवशी तिच्यात काय लिहिले आहे हे पाहायची गरज फारशा कुणाला वाटत नाही.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. मी देहदंडाच्या विरोधात आहे, तो रियाधचा असो, तेहरानचा असो की येरवड्याचा. पण या वादात दोन्ही बाजू ज्या कायद्याबद्दल बोलतात तो बराचसा त्यांच्या कल्पनेतला आहे. इस्लामी धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांतला फौजदारी कायदा शिक्षेत कठोर आहे आणि पुराव्याच्या बाबतीत त्याहूनही कठोर. आज जे देश शरियतच्या नावाने माणसे मारतात, त्यांनी शिक्षा ठेवली आणि पुराव्याची ती कडक अट बाजूला सारली. आपल्याकडच्या लोकांना जे हवे आहे ते हेच उरलेले अर्धे आहे, आणि ते कुणालाही न्याय देऊ शकत नाही.

या कायद्यात गुन्ह्यांचे तीन वर्ग आहेत. पहिला हुदूद, म्हणजे ज्यांची शिक्षा धर्मवचनाने ठरलेली आहे असे मोजके गुन्हे: व्यभिचार, व्यभिचाराचा खोटा आरोप, चोरी, वाटमारी, मद्यपान, आणि बहुतेक शास्त्रकारांच्या मते धर्मत्याग. दुसरा किसास, म्हणजे खून आणि शारीरिक इजा. इथे जिवाला जीव मागण्याचा, पैसे घेण्याचा किंवा माफ करण्याचा हक्क मृताच्या वारसांचा. तिसरा ताझीर, बाकीचे सगळे गुन्हे, ज्यांची शिक्षा काझीने किंवा राज्यकर्त्याने ठरवायची. चौकात तलवार उगारली जाते तेव्हा ती या तिघांपैकी कोणत्या कप्प्यातून आली, हा पहिला प्रश्न असायला हवा.

हुदूदपासून सुरुवात करू, कारण सगळी भीती आणि सगळे आकर्षण तिथेच आहे. व्यभिचार सिद्ध करायला चार साक्षीदार हवेत, आणि त्यांनी प्रत्यक्ष क्रिया डोळ्यांनी पाहिलेली असली पाहिजे. साक्षीदार कमी पडले तर उलट त्यांनाच ऐंशी फटके, हे कुराणाच्या २४ व्या सूऱ्यातच आहे. ही तरतूद कागदावर राहिली नाही. दुसरे खलिफा उमर यांच्या काळात बसऱ्याचा सुभेदार मुगीरा इब्न शुअबा याच्यावर व्यभिचाराचा आरोप झाला. तिघांनी ठाम साक्ष दिली. चौथा झियाद कचरला. काही पाहिले, पण जे पाहायला हवे ते स्पष्ट पाहिले नाही, असे त्याने सांगितले. सुभेदार सुटला आणि तिघा साक्षीदारांना फटके बसले, त्यांत पैगंबरांचा एक सहकारीही होता. माइझ नावाचा माणूस स्वतः गुन्हा कबूल करायला आला तेव्हा पैगंबरांनी वारंवार तोंड फिरवले, हा वेडा तर नाही ना, नशेत तर नाही ना, अशी चौकशी केली, अशी हदीस (पैगंबरांच्या वचन-कृतींची परंपरेने आलेली नोंद) आहे. शेवटी त्याला दगडांनी मारले गेले, हेही त्याच हदीसेत आहे आणि ते मी लपवणार नाही. पण त्यातून शास्त्रकारांनी नियम काढला तो असा की शंकेची जराशी जागा असेल तिथे हद्दीची (म्हणजे हुदूदमधली) शिक्षा टाळावी, आणि दिलेली कबुली आरोपीला शेवटच्या क्षणापर्यंत मागे घेता यावी. आपल्या न्यायालयांत ज्याला संशयाचा फायदा म्हणतात, त्याचा इतका आग्रही उच्चार सातव्या-आठव्या शतकातल्या दुसऱ्या कोणत्या कायद्यात सापडतो?

चोरीचेही तसेच. हात तोडण्याआधी काझीने पाहायचे: वस्तूची किंमत ठरावीक मर्यादेच्या वर आहे का (हनफी या सुन्नी पंथात दहा दिरहम), ती बंदिस्त जागेतून नेली का, चोराचा त्या मालात काही हिस्सा निघतो का, भूक हे कारण होते का. हिजाझमध्ये दुष्काळ पडला त्या वर्षी उमरनी ही शिक्षा थांबवलीच. उस्मानी साम्राज्य शतकानुशतके टिकले. इस्तंबूलमध्ये १६८० साली एका स्त्रीला व्यभिचारासाठी दगडांनी मारले गेले, ही घटना इतकी अपवादात्मक होती की तिची नोंद आश्चर्य म्हणून झाली. एरवी तिथल्या सुलतानांचे कानून अशा गुन्ह्यांना दंडावर सोडत.

आता एक अशी गोष्ट जी आपल्या चर्चेत कधीच येत नाही. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालचा कारभार हाती घेतला तेव्हा तिथल्या फौजदारी अदालतींत हनफी कायदा चालत होता. इंग्रज अधिकाऱ्यांची त्याबद्दल तक्रार काय होती? तो फार मवाळ आहे! वॉरन हेस्टिंग्जने १७७३ मध्ये लिहिले की हा कायदा अत्यंत सौम्य तत्त्वांवर उभा आहे आणि त्याला रक्तपाताचा तिटकारा आहे. खून केला नसेल तर मौलवी दरोडेखोराला फाशी देईनात, म्हणून आदल्याच वर्षी कंपनीने स्वतःचा नियम केला होता: दरोडेखोराला त्याच्याच गावात फाशी, गावाला दंड, आणि त्याच्या बायकामुलांना सरकारचे गुलाम करायचे. पुढे कॉर्नवॉलिसने वारसांचा माफीचा हक्क काढून घेतला, आणि गुन्हेगाराने कोणते हत्यार वापरले यापेक्षा त्याचा हेतू पाहावा असे ठरवले. हनफी पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा यांच्या मते मुद्दाम केलेला खून सिद्ध व्हायला धारदार किंवा तशाच घातक हत्याराचा वापर दिसावा लागे. गळा दाबून मारणारा किसासमधून निसटत असे. ही इंग्रजांची दुरुस्ती योग्यच होती. पण ती करताना फाशी वाढवायची होती, कमी करायची नव्हती. त्याच काळात इंग्लंडमध्ये दोनशेच्या आसपास गुन्ह्यांना मृत्युदंड होता. दुकानातली किरकोळ चोरीही त्यात येत असे, आणि तिथल्या ज्यूरी मालाची किंमत मुद्दाम कमी ठरवून आरोपीचा जीव वाचवत. म्हणजे काझीने शंकेची फट शोधावी आणि लंडनच्या ज्यूरीने किमतीची, दोघांची धडपड एकाच गोष्टीसाठी होती.

आणि आपण? १७९१ मध्ये पुण्याच्या कोतवालाला, घाशीरामला, संतप्त जमावाच्या हवाली करण्यात आले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. त्याच्या कोठडीत माणसे गुदमरून मेली होती, गुन्हा भयंकर होता. पण दगडांनी मारणे ही परक्या वाळवंटातली गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी पेशव्यांच्या राजधानीतले ते वर्ष लक्षात ठेवावे. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनची दंडसंहिता १८२७ मध्ये आली, देशभर भारतीय दंड विधान १८६२ मध्ये लागू झाले. तोवर शिक्षेचे क्रौर्य कोणत्याही एका धर्माची मिरासदारी नव्हती.

यावर विरोधी बाजू जे म्हणेल त्यात दम आहे. पुराव्याची अट कितीही कडक असो, शिक्षा ग्रंथात आहे ना? आहे. दगडांनी मारण्याची शिक्षा कुराणात नसली तरी चारही सुन्नी पंथांनी ती हदीसच्या आधारे मान्य केली आहे. धर्मत्यागासाठी मृत्युदंड बहुतेक सर्व जुन्या शास्त्रकारांनी सांगितला आहे. बाईच्या रक्ताचे मोल पुरुषाच्या निम्मे, हेही त्यांनीच ठरवले. राज्यकर्त्याने गरज वाटली तर काझीच्या नियमांपलीकडे जाऊन शिक्षा द्यावी, सियासतच्या नावाखाली, याला शास्त्रानेच दार उघडून दिले. ज्या औरंगजेबाने फतावा-ए-आलमगिरी ही हनफी कायद्याची संहिता तयार करवून घेतली, त्याच्याच राज्यात १६८९ मध्ये संभाजी महाराजांना हाल हाल करून मारले गेले. तिथे कुणी काझी साक्षी तोलत बसला नव्हता. तो बादशहाचा सूड होता आणि त्यावर धर्माची झूल पांघरली गेली. जो कायदा राज्यकर्त्याला अशी झूल पुरवतो तो त्या रक्ताच्या जबाबदारीतून पूर्ण मोकळा होऊ शकत नाही. इस्लामचा याच्याशी काही संबंध नाही, हे सोयीचे उत्तर म्हणूनच मला मान्य नाही. हमीद दलवाईंनी महाराष्ट्राला दाखवून दिले की मुस्लिम समाजातल्या प्रश्नांवर द्वेष न करता आणि लांगूलचालनही न करता बोलता येते. तो धडा इथे लागू करायला हवा.

पण मग ग्रंथांत हे सगळे हजार वर्षे असताना आजची फाशीची लाट आली कुठून? ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या २०२४ सालच्या अहवालात चीन वगळून जगभरात १,५१८ मृत्युदंडांची नोंद आहे. त्यांतले ९७२ इराणमधले, ३४५ सौदी अरेबियातले. इराणमधल्या निम्म्याहून अधिक आणि सौदीतल्या १२२ जणांना अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी मारले गेले. आता हुदूदच्या यादीत अमली पदार्थ कुठे आहेत? कुठेच नाहीत. सौदीच्या वरिष्ठ उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, १९८७ मध्ये तस्करांसाठी मृत्युदंड मान्य केला, म्हणजे तो ताझीरच्या कप्प्यातून आला: सरकारची मर्जी, धर्माचा शिक्का. युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी मार्च २०२२ मध्ये सांगितले की खून आणि अनेकांच्या जिवाला धोका एवढेच अपवाद ठेवून मृत्युदंड आता उरलेला नाही. त्याच महिन्यात एका दिवशी ८१ जणांना मारले गेले आणि नोव्हेंबरमध्ये तस्करीसाठीच्या फाशा पुन्हा सुरू झाल्या. चार डोळस साक्षीदार, मागे घेता येणारी कबुली, शंकेचा फायदा, यांतले काहीही या खटल्यांना लागत नाही. कोठडीत घेतलेली कबुली पुरते. ज्या शास्त्राने कबुली देणाऱ्याकडे पाठ फिरवायला शिकवले, त्याच्या नावाने हे चालते.

सुदानचे उदाहरण मला यात सर्वांत बोलके वाटते. राष्ट्राध्यक्ष निमेरी यांची सत्ता डळमळत होती. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी अचानक शरियत लागू केली आणि चोरांचे हात तोडण्याचे जाहीर कार्यक्रम सुरू झाले. देशात तेव्हा दुष्काळ होता, लोक अन्नाला मोताद होते. नेमक्या याच परिस्थितीत खलिफा उमरनी जी शिक्षा थांबवली होती, ती निमेरींनी सुरू केली. महमूद मोहम्मद ताहा या वृद्ध विचारवंताने पत्रक काढून विरोध केला. हे कायदे इस्लामलाच विकृत करतात आणि लोकांचा अपमान करतात, असे त्यांचे म्हणणे होते. १८ जानेवारी १९८५ रोजी त्यांना धर्मत्यागी ठरवून खार्टूमच्या तुरुंगात फाशी दिली गेली, जरी निमेरींच्या स्वतःच्या दंडसंहितेत धर्मत्याग हा गुन्हा नव्हता. तीन महिन्यांच्या आत निमेरींची सत्ता गेली. शरियतचा इतका कडक अंमल करणाऱ्याला शरियतचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरणच का आठवू नये? कारण त्याला कायदा नको होता, दरारा हवा होता.

पाकिस्तानात झिया उल हक यांनी १९७९ मध्ये हुदूद अध्यादेश आणले. तिथे बलात्काराचे काय झाले हे, 'बलात्काऱ्याला शरियतप्रमाणे शिक्षा द्या' म्हणणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवे. कायद्याने बलात्कार आणि व्यभिचार एकाच चौकटीत आणले. पुरुषाविरुद्ध हद्दीचा पुरावा म्हणजे चार साक्षीदार. ते मिळणे अशक्य. आणि बाईने तक्रार केली किंवा ती गरोदर राहिली की संबंध आल्याची कबुली तिच्याच पदरात. १९८३ मध्ये एका अंध मोलकरणीला याच तर्काने फटके आणि तीन वर्षांची कैद सुनावली गेली, आरोपी पुरुष पुराव्याअभावी सुटले. देशात आणि बाहेर गदारोळ झाल्यावर संघीय शरियत न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. जुन्या शास्त्रकारांच्या मते जबरदस्ती झालेली बाई निर्दोषच असते. झियांच्या कायद्याने ते तत्त्व पायदळी तुडवले. शेवटी २००६ मध्ये पाकिस्तानने बलात्काराचा गुन्हा हुदूदमधून काढून साध्या दंडसंहितेत परत आणला, म्हणजे इंग्रजी काळात मॅकॉलेने रचलेल्या कायद्याच्या वारशाकडे. कोपर्डी किंवा बदलापूरच्या मुलींसाठी आपण जो कायदा मागतो आहोत, तो तिथल्या बायकांनी रस्त्यावर उतरून, लाठ्या खाऊन घालवला. हे आपल्याला कुणी सांगत का नाही?

किसासकडे येतो, कारण इथे समोरच्या बाजूचा मुद्दा सर्वांत बळकट आहे आणि तो मला अनेकदा अस्वस्थ करतो. आपल्याकडे खून झाला की खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. मृताची आई न्यायालयाच्या बाकावर बसते, तारखेमागून तारखा पाहते, तिला कुणी काही विचारत नाही. दिल्लीच्या निर्भया प्रकरणात जलदगती न्यायालय असूनही डिसेंबर २०१२ पासून मार्च २०२० पर्यंत तिचे आईवडील पायऱ्या झिजवत होते. किसास त्या आईला केंद्रस्थानी आणतो आणि तिला मारण्याबरोबर माफ करण्याचीही ताकद देतो; कुराण तर माफीला उत्तेजन देते. एप्रिल २०१४ मध्ये उत्तर इराणात एका तरुणाच्या गळ्यात फास अडकवलेला होता. ज्याला त्याने भोसकून मारले होते त्या मुलाची आई पुढे आली, तिने त्याच्या श्रीमुखात भडकावली, आणि मग तिने व तिच्या नवऱ्याने मिळून फास काढला. त्या क्षणात असलेले माणूसपण आपल्या कोणत्या न्यायालयात आहे? मला ते नाकारता येत नाही.

पण त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, त्याच देशात एका सव्वीस वर्षांच्या तरुणीला फाशी झाली. माझ्यावर बलात्काराचा प्रयत्न करणाऱ्याला मी भोसकले, असे ती शेवटपर्यंत सांगत होती. मृत माणूस पूर्वी गुप्तचर खात्यात होता आणि त्याच्या कुटुंबाने माफी नाकारली. एका आरोपीच्या वाट्याला दयाळू आई आली, दुसरीच्या वाट्याला नाही. जीव वाचणे न वाचणे हे मृताच्या घरच्यांच्या स्वभावावर, प्रतिष्ठेवर आणि गरजेवर अवलंबून असेल, तर सारखा गुन्हा आणि सारखी शिक्षा हे तत्त्व उरते कुठे? आणि बळी जाणाऱ्या माणसाच्या समाजाशी असलेल्या नात्याचे काय? खून हा फक्त एका घराविरुद्धचा गुन्हा नसतो. खुनी मोकळा सुटला तर उद्या दुसऱ्या घरात शिरतो.

पैसा यात शिरला की चित्र आणखी काळवंडते. पाकिस्तानने १९९० मध्ये किसास आणि दियत (खुनाबद्दल वारसांना द्यायचे पैसे) यांचा अध्यादेश काढला. कराचीत २०१२ मध्ये एका वीस वर्षांच्या मुलाला गोळ्या घातल्या गेल्या. आरोपी बड्या जमीनदार घराण्यातला, शाहरुख जतोई. मृताच्या आईवडिलांनी माफीनामा दिला, आणि खटल्याच्या अनेक वळणांनंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मोकळे केले. लाहोरात जानेवारी २०११ मध्ये दोघांना गोळ्या घालणारा अमेरिकी गुप्तचर यंत्रणेचा कंत्राटी माणूस रेमंड डेव्हिस मार्चमध्ये दियत देऊन विमानात बसला. पाकिस्तानात समाजमाध्यमांवर गाजलेली कंदील बलोच हिचा २०१६ मध्ये तिच्या भावानेच गळा आवळला. इथे तर वारस म्हणजे आरोपीचेच आईवडील. मुलगी गेली, आता मुलगाही घालवायचा का, हा त्यांच्यापुढचा पेच, आणि कायदा त्या पेचावर निवाडा सोपवून मोकळा. पळवाट बंद करायला संसदेने त्याच वर्षी दुरुस्ती केली, तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये तो निर्दोष सुटला. आईने माफ केले होते. ज्या घरातून हिंसा येते त्याच घराच्या हातात माफीचा अधिकार दिला तर बाईच्या जिवाला संरक्षण कोणते?

या संदर्भात आपल्याकडे नेहमी रांझ्याच्या पाटलाचा दाखला दिला जातो. शिवाजी महाराजांनी १६४६ मध्ये त्याचा चौरंग केला, मग आज का नको, असा सवाल असतो. ते पत्र उपलब्ध आहे. हातपाय तोडण्याची शिक्षा सतराव्या शतकात दख्खनेत सर्रास होती, आदिलशाहीत होती, मुघलांकडे होती. कुणाही सरदाराने ती दिली असती. नवल त्यात नव्हते. नवल होते ते शिक्षा कुणाला झाली यात. गावचा पाटील, वतनदार, ज्याच्यापुढे कुणी तोंड उघडायचे नाही, त्याला गैरवर्तनाच्या खबरीवरून धरून आणले गेले आणि त्याचे वतन काढले गेले. कराचीतल्या जमीनदाराच्या पोराला जे झाले नाही ते रांझ्याच्या पाटलाला झाले. महाराजांकडून घ्यायचे असेल तर हे घ्यावे: बलवानाला सूट नाही. आज आपल्या किती गावांत पाटलाच्या, आमदाराच्या, संस्थाचालकाच्या माणसावर तक्रार नोंदवून घ्यायला पोलीस ठाणे तयार होते? बदलापुरातसुद्धा लोक रस्त्यावर उतरले त्याचे एक मोठे कारण तक्रार घ्यायला झालेली दिरंगाई हे होते. फाशीची घोषणा त्या दिरंगाईवरचा राग झाकून टाकते, आणि राज्यकर्त्यांना ते सोयीचे पडते. सुमारे महिनाभरात तो आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. खटला उभा राहिला नाही, आणि शाळेत नेमके काय घडले, कुणी काय दडपले, हे उलटतपासणीत कधी बाहेर येणार नाही.

कडक शिक्षेने गुन्हे थांबतात, या युक्तिवादालाही उत्तर द्यायला हवे. सौदी अरेबिया अमली पदार्थांसाठी गळे कापतो आणि तरीही कॅप्टागॉन या उत्तेजक अमली पदार्थाच्या गोळ्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ तीच आहे. पकडले जातात ते गोळ्या वाहून नेणारे गरीब लोक, अनेकदा परदेशी मजूर. गोळ्या बनवणारे आणि विकणारे बडे लोक दूर असतात. आपल्याकडे न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये बलात्कारासाठी फाशी नको असे स्पष्ट सांगितले होते. मुलांवरचे अत्याचार बहुतांशी ओळखीच्या, घरातल्या माणसांकडून होतात. काकाला किंवा बापाला फाशी होईल म्हटल्यावर किती घरे तक्रार देतील? महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मृत्युदंडाची तरतूद असलेले शक्ती विधेयक मंजूर केले. ते अमलात आले नाही. पण ते आणायला जितका उत्साह होता, त्याच्या पावपट तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि सरकारी वकिलांच्या नेमणुकांसाठी दिसला असता तर आज चित्र वेगळे असते. गुन्हेगाराला शिक्षा किती मोठी होईल यापेक्षा ती होईलच, याची भीती वाटली पाहिजे. हे नवे नाही, पण आपल्या चर्चेत ते रोज नव्याने सांगावे लागते.

मुस्लिम समाजाला हे बदलताच येणार नाही, देववचन आहे ना, असे जे म्हणतात, त्यांनी नकाशा पाहावा. ट्युनिशियात १९९१ नंतर आणि मोरोक्कोत १९९३ नंतर कुणालाही फाशी झालेली नाही. सेनेगल आणि तुर्कस्तान यांनी २००४ मध्ये मृत्युदंड रद्दच केला. मलेशियाने २०२३ मध्ये सक्तीचा मृत्युदंड काढून टाकला. पाकिस्तानच्या शरियत न्यायालयाने १९८१ मध्ये दगडांनी मारण्याची शिक्षा इस्लामबाह्य ठरवली होती. झियांनी न्यायाधीश बदलले आणि पुढच्याच वर्षी निकाल फिरवून घेतला. शास्त्रात दोन्ही दिशांना वाट आहे. कोणती धरायची हे सत्ता ठरवते आणि लोक ठरवतात. उलट तालिबानने डिसेंबर २०२२ मध्ये फराह प्रांतात मृताच्या बापाच्या हाती रायफल देऊन खुन्याला जाहीरपणे मारवले. मोरोक्कोचा मुसलमान आणि फराहचा मुसलमान एकच कुराण वाचतात.

हा वाद आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. कोकणातल्या कितीतरी घरांची चूल आखातातून येणाऱ्या पैशावर पेटते. मार्च २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की आठ देशांत ४९ भारतीयांना मृत्युदंड सुनावला गेला आहे, त्यांत संयुक्त अरब अमिरातीत २५ आणि सौदीत ११. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यातल्या एका तरुणीला १५ फेब्रुवारीला अबूधाबीत मारले गेले आणि तिचे वडील त्यानंतरही दिल्ली उच्च न्यायालयात तिचा ठावठिकाणा विचारत होते. कोझिकोडचा एक चालक रियाधच्या तुरुंगात होता. त्याच्यासाठी केरळच्या लोकांनी २०२४ मध्ये सुमारे ३४ कोटी रुपये दियतसाठी जमवले आणि त्याची फाशी टळली. येमेनमधल्या परिचारिकेची तारीख पुढे ढकलली गेली ती केरळचे सुन्नी धर्मगुरू कांथापुरम मुसलियार यांनी तिथल्या धर्मगुरूंशी बोलणी केल्यावर. लोकांनी आणि मौलवींनी हे केले, आणि ते चांगलेच केले. पण भाषा न कळणाऱ्या न्यायालयात उभ्या असलेल्या मजुराला पहिल्या चौकशीपासून दुभाष्या आणि वकील मिळणे, त्याला सही करायला दिलेला अरबी कागद कुणीतरी वाचून दाखवणे, हे आपल्या दूतावासाचे काम आहे. रत्नागिरीहून किंवा मालेगावहून जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात जाण्याआधीच त्या देशाच्या फौजदारी कायद्याची मराठी-उर्दू पुस्तिका आणि दूतावासाच्या कायदेशीर मदतीचा क्रमांक असायला हवा. एखाद्यावर फाशीचा गुन्हा नोंदला गेला की त्याच्या घरी किती दिवसांत कळवायचे, वकिलाचा खर्च कुणी करायचा, हे नियमात लिहिलेले असायला हवे. याबद्दल आपल्या खासदारांना कुणी प्रश्न विचारताना मला तरी दिसत नाही.